‘पुझन’ हा बिघडलेला ‘पॉयझन’ नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दांविषयीचे सदर मी पहिल्या लेखापासून नेमाने वाचते आणि त्याची कात्रणे जपून ठेवते. गेल्या रविवारी त्यात निरनिराळ्या भाषांतील विषवाचक शब्दांचा मागोवा घेतला होता. लॅटिनमधील ‘पोतिओ’ म्हणजे पेय, त्यापासून जुन्या फ्रेंचमधला शब्द आणि त्यापासून इंग्रजीतला ‘पॉयझन’, ही परंपरा लेखकाने नेमकेपणाने सांगितली आहे. मात्र त्याच परिच्छेदाच्या शेवटी ‘स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत हाच इंग्रजी शब्द बिघडून पुझन असा बोलला जातो’ असे एक वाक्य आहे. हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे. पत्र लांबले आहे हे मला ठाऊक आहे, पण चार शब्दांत केलेला आरोप खोडायला कधी कधी चार पाने लागतात.

आधी उच्चाराविषयी सांगते. स्कॉट्स म्हणजे स्कॉटलंडमध्ये बोलली जाणारी, इंग्रजीची बहीण असलेली भाषा. तिच्यातील या शब्दाच्या मधला वर्ण आपल्या ‘झाड’मधला झ नव्हे आणि ‘झेंडा’मधलाही नव्हे. ‘शहर’मधला श म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढला की जो वर्ण ऐकू येतो, तो तिथला वर्ण. काही भागांत तो सरळ श असाच उच्चारतात. पहिला स्वर कुठे ऱ्हस्व उ, कुठे दीर्घ ऊ, तर कुठे इ असतो. म्हणून कोशात या एकाच शब्दाची डझनभर तरी वर्णलेखने सापडतात. देवनागरीत मी इथे ‘पुझन’ असे लिहीत आहे, ते केवळ सोयीसाठी.

हा शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी कानांनी ऐकला. निवृत्तीनंतर मुलीकडे स्कॉटलंडच्या ईशान्येला, अ‍ॅबर्डीनशरमधील एका लहान गावात, चौदा महिने राहण्याचा योग आला. शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहत असत. तरुणपणी त्यांनी बंदरावर मासे साफ करण्याचे काम केले होते. त्या दुपारी आमच्याकडे चहाला येत. एकदा मी चहा उकळायला ठेवला आणि भारतातून फोन आल्यामुळे तो गॅसवर तसाच राहिला. पाणी निम्मे आटले आणि चहाला काळपट रंग आला, तरी संकोचापोटी मी तोच दूध घालून पुढे केला. बाईंनी एक घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि मान हलवत म्हणाल्या, ‘पुझन’. मला तो शब्द कळला नाही, पण चेहऱ्यावरून अर्थ कळला. आपल्याकडे अशा चहाला आपण ‘कडूजहर’ म्हणतो, अगदी तसा.

दुसऱ्या दिवशी मी सावधपणे चहा केला आणि तो फारच पातळ झाला. या वेळी बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘फुझनलेस’. ‘फुझन’ म्हणजे कस, सत्त्व, अंगातले बळ. ‘फुझनलेस’ म्हणजे निःसत्त्व, बेचव, ज्यात काही राम नाही असे. नि:सत्त्व अन्नाला हा शब्द लावतात, अशक्त माणसाला लावतात आणि रटाळ प्रवचनालाही लावतात. दोन दिवसांत, दोन कपांच्या निमित्ताने, माझ्यापुढे शब्दांची ही जोडी आली. आपल्या सदरातील विधान का चुकीचे आहे, याचा सर्वांत चांगला पुरावा नेमका याच जोडीत आहे.

‘फुझन’ हाही शब्द फ्रेंचमधून आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘फुसिओ’ म्हणजे ओतणे, त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फोइझोन’ म्हणजे विपुलता, रेलचेल. जशी ‘पोतिओ’पासून ‘पोइझोन’ तशीच ही घडण आहे. हे दोन्ही शब्द स्कॉट्समध्ये शिरले तेव्हा दोहोंतील ‘ओइ’ची जागा उकाराने घेतली आणि दोहोंतील झ तालव्य झाला. ‘फोइझोन’चे ‘फुझन’ झाले आणि ‘पोइझोन’चे ‘पुझन’ झाले. एकच शब्द असा बदलला असता तर कोणी तरी चुकीचे ऐकले, चुकीचे बोलले आणि तेच रूढ झाले असे म्हणता आले असते. दोन शब्द एकाच वाटेने गेले, तर ती वाट आहे, वाट चुकणे नाही. शिवाय बदलाची ही वाट केवळ स्कॉट्सपुरती नाही. आपल्या दिवाणखान्यातील सोफ्यावरचे ‘कुशन’ घ्या. तो शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधील ‘कोइसिन’पासून आला आहे. धान्य मोजण्याचे ‘बुशेल’ हे माप ‘बोइसेल’पासून आले आहे. तिथेही ‘ओइ’चा उकार झाला आणि सकाराचा श झाला. ‘कुशन’ला कोणी बिघडलेले फ्रेंच म्हणत नाही, तर मग ‘पुझन’ला बिघडलेले इंग्रजी म्हणण्याला काय आधार आहे?

स्कॉट्समध्ये अशी आणखीही उदाहरणे आहेत. इंग्रजीत ज्याला ‘ऑइल’ म्हणतात त्या तेलाला जुना स्कॉट्स शब्द ‘उली’ असा आहे आणि ‘स्पॉइल’ म्हणजे जुन्या अर्थाने लुटणे, याचे स्कॉट्स भावंड ‘स्पुली’ असे आहे. हा दुसरा शब्द स्कॉटलंडच्या कायद्यात, दुसऱ्याची जंगम मालमत्ता बेकायदा ताब्यात घेण्याच्या अपकृत्याचे नाव म्हणून, शतकानुशतके वापरात आहे. न्यायालयाच्या निकालपत्रात बसणाऱ्या शब्दाला गावंढळ म्हणायचे धाडस सहसा कोणी करीत नाही, पण त्याच ध्वनिनियमाने घडलेला ‘पुझन’ मासे साफ करणाऱ्या बाईच्या तोंडी आहे म्हणून तो बिघडलेला ठरतो.

आता इंग्रजीचे पाहू. ‘पॉयझन’ हा उच्चार आपण मूळचा आणि शुद्ध मानतो, पण सतराव्या-अठराव्या शतकांत खुद्द इंग्लंडमध्ये बहुतेक लोक हा शब्द ‘पायझन’च्या जवळपास उच्चारीत. ‘जॉइन’ हा शब्द कवी ‘लाइन’शी यमकात जुळवीत आणि ते कोणाला खटकत नसे. पुढे साक्षरता वाढली, शाळांतून अक्षरांप्रमाणे वाचण्याचा आग्रह वाढला आणि लिहिलेल्या ‘ओइ’कडे पाहून तो उच्चार पुन्हा रूढ करण्यात आला. इंग्लंडच्या खेड्यांत आणि अमेरिकेच्या काही भागांत जुना ‘पायझन’ नंतरही दीर्घकाळ टिकून होता. म्हणजे आज प्रमाण मानला जाणारा उच्चार निदान काही अंशी छापील पुस्तकाच्या आधाराने पुन्हा उभा केलेला आहे, तर ‘पुझन’ मात्र आईच्या तोंडून मुलाच्या कानात असा, मध्ये खंड न पडता, चालत आलेला आहे. दोहोंपैकी एकाला अस्सल म्हणायचेच झाले तर कोणाला म्हणावे, हे वाचकांनी ठरवावे. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही शब्द एका आईची लेकरे आहेत.

ही आई कोणती, याविषयीही एक गैरसमज आहे. स्कॉटलंड आणि फ्रान्स यांच्यात १२९५ साली इंग्लंडविरुद्ध करार झाला आणि ती मैत्री पुढे अडीचशेहून अधिक वर्षे या ना त्या रूपात टिकली. त्यामुळे स्कॉट्समधील प्रत्येक फ्रेंच शब्द या मैत्रीतून आला असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. काही शब्द खरोखर तसे आले आहेत. पण ‘पुझन’चा प्रवास बहुधा त्याआधीच सुरू झाला असावा. बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड याने नॉर्मन सरदारांना जमिनी दिल्या आणि व्यापारी नगरे वसवली. त्या सरदारांची फ्रेंच आणि उत्तर इंग्लंडमधून त्या नगरांत येणाऱ्या लोकांची भाषा या दोन्हींतून फ्रेंच शब्दांचा पहिला मोठा ओघ स्कॉटलंडमध्ये आला. जुन्या फ्रेंचमध्येच ‘पोइझोन’, ‘पुइझोन’, ‘पुझोन’ अशी रूपे नांदत होती. उत्तरेकडे उकाराची रूपे रुजली, दक्षिणेकडे ‘ओइ’ची. त्यामुळे उत्तर इंग्लंडच्या बोलींतही ‘पुझन’चे नातेवाईक सापडतात आणि त्यात काही आश्चर्य नाही.

लिखित पुरावा हवा असेल तर तोही आहे, आणि तो योगायोगाने त्याच अ‍ॅबर्डीनच्या मातीतला आहे. स्कॉट्स भाषेतील पहिले मोठे काव्य म्हणजे राजा रॉबर्ट ब्रूस याच्या पराक्रमाची कथा. ते अ‍ॅबर्डीनच्या चर्चमधील आर्चडीकन जॉन बार्बर यांनी १३७५ च्या सुमारास रचले. त्या काव्याच्या अखेरीस, ब्रूसचा विश्वासू सरदार आणि त्याच्या पश्चात राज्याचा कारभार पाहणारा टॉमस रँडॉल्फ विषप्रयोगाने मेला असे बार्बर हळहळून सांगतात, आणि तिथे या शब्दापासून झालेले क्रियापद येते. रँडॉल्फ १३३२ साली वारला, आणि त्याला खरोखर विष दिले होते असे आजचे अभ्यासक सहसा मानीत नाहीत, पण शब्दाच्या इतिहासाला त्याने बाधा येत नाही. सावधगिरीची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. या काव्याच्या आज उपलब्ध असलेल्या हस्तलिखित प्रती १४८७ आणि १४८९ या सालांतल्या आहेत, त्यामुळे त्यातील वर्णलेखन बार्बर यांचेच आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही पंधराव्या शतकाच्या लेखनिकांच्या दृष्टीने उकाराचे रूप गावंढळ नव्हते. ते राष्ट्रीय महाकाव्यात लिहिण्याच्या योग्यतेचे होते.

ते तसे असणारच, कारण त्या काळी स्कॉट्स ही राज्याची भाषा होती. तिची पाळेमुळे नॉर्थंब्रिया या उत्तरेकडील जुन्या राज्याच्या जुन्या इंग्रजीत आहेत, म्हणजे ती इंग्रजीची लेक नसून बहीण आहे, आणि डोंगराळ प्रदेशातील गेलिक ही तर या दोघींपासून पूर्ण वेगळी, केल्टिक कुळातली भाषा आहे. १४२४ पासून स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जात होते. १६०३ साली स्कॉटलंड आणि इंग्लंडचे राजमुकुट एका डोक्यावर आले आणि दरबार लंडनला गेला. १७०७ साली संसदही गेली. त्यानंतर एडिंबरोच्या शिकलेल्या लोकांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी लिहिताना टाळावयाच्या स्कॉट्स शब्दप्रयोगांची यादी केली, आणि जेम्स बीटी यांनी १७७९ साली तशा प्रयोगांचे पुस्तकच काढले. भाषा बिघडली ती इथे, असे मी म्हणणार नाही. भाषेविषयीचे मत बिघडले ते इथे.

लेखनावर त्याचा परिणाम कसा झाला, हे रॉबर्ट बर्न्स यांच्या एका कवितेत दिसते. टारबोल्टन गावचा एक शाळामास्तर चार पुस्तके वाचून औषधे विकू लागला. त्याच्यावर बर्न्स यांनी १७८५ साली एक कविता लिहिली. तीत रात्री वाटेत भेटलेला प्रत्यक्ष मृत्यू कवीपाशी गाऱ्हाणे सांगतो, की या वैद्याच्या औषधांनीच माणसे इतकी मरत आहेत की मला काम उरलेले नाही. कविता अस्सल स्कॉट्समध्ये आहे, पण विष देण्याचे क्रियापद मात्र तीत इंग्रजी वर्णलेखनाने छापले आहे. त्या काळच्या स्कॉट्स छपाईत असे सर्रास होत असे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला तिथे ‘पॉयझन’ दिसतो. गावातल्या माणसाने ती कविता शेकोटीपाशी मोठ्याने वाचली असती तर कोणता उच्चार ऐकू आला असता, याचा अंदाज करणे कठीण नाही. केवळ छापील पानांवर विसंबून ‘पुझन’ हे रूप अलीकडचे आणि तुरळक आहे असे ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते. जाता जाता एक नोंद करते. १८२४ साली मुंबईत मराठीचा कोश प्रसिद्ध करणारे व्हान्स केनेडी हे बर्न्स यांच्याच एअरशर परगण्यातले होते. आपल्या शब्दांची मोजदाद करायला बसलेल्या त्या माणसाने लहानपणी ‘पुझन’ नक्कीच ऐकला असेल, असे मला वाटते.

कविता सोडून अर्थाकडे वळते, कारण या शब्दाच्या अर्थाचा प्रवास त्याच्या ध्वनीच्या प्रवासाइतकाच मनोवेधक आहे. लॅटिनमधील ‘पोतिओ’ म्हणजे नुसते पेय. वैद्याने दिलेला काढा तो ‘पोतिओ’च. मग कोणी तरी कोणाला गुपचूप काही पाजले तर तोही ‘पोतिओ’च, आणि हळूहळू हा शेवटचा अर्थ उरला. आपल्याकडे ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ हे मुळात एकच शब्द, पण तत्सम रूप बाईसाठी राहिले आणि तद्भव रूप गायी-म्हशींकडे गेले. ‘पोशन’ आणि ‘पॉयझन’ यांचे तसेच झाले. पंडितांच्या वाटेने आलेले रूप औषधी पेयासाठी राहिले, लोकांच्या तोंडी घडलेले रूप विषाकडे गेले. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष, आणि तोही मुळात ‘दिलेली वस्तू’ म्हणजे औषधाची मात्रा. विषाचे खरे नाव घ्यायला माणूस सगळीकडेच कचरतो, म्हणून तो त्याला ‘पेय’ म्हणतो, ‘दिलेले’ म्हणतो.

विष हे प्यायले जाते, ही कल्पना स्कॉटलंडच्या दंतकथांतही आहे. अ‍ॅबर्डीनच्या विद्यापीठाचे पहिले प्रमुख हेक्टर बोईस यांनी १५२७ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इतिहासात अशी कथा आहे, की राजा डंकन आणि मॅकबेथ यांनी वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या सैन्याला एका वनस्पतीच्या फळांचा रस मिसळलेले मद्य आणि भाकरी पाठवली, आणि सैन्य गुंगीत पडल्यावर त्याची कत्तल केली. जॉन बेलेंडन यांनी १५३० च्या दशकात त्या इतिहासाचे स्कॉट्समध्ये भाषांतर केले. त्या वनस्पतीचे स्कॉट्स नाव ‘मेकलवर्ट’, म्हणजे सरळ अर्थाने ‘मोठी वनस्पती’. ती बेलाडोना असावी असे मानतात. कथा खरी मानण्याचे कारण नाही, पण त्यातही विष पोटात जाते ते प्याल्यातून आणि घासातून, आणि शेजारणीच्या तोंडचा ‘पुझन’ही शेवटी कपातल्या चहालाच लागला होता. बेचव किंवा जळलेले अन्न म्हणजे ‘पुझन’, चांगले कालवण हाताने बिघडवणे म्हणजे ‘पुझन’ करणे आणि नकोशा माणसालाही ‘पुझन’. शब्द पेयापासून निघाला, मरणापर्यंत गेला आणि पुन्हा स्वयंपाकघरात परतला.

आपल्या सदराने एका गोष्टीचा उल्लेखच केलेला नाही, आणि मला ती उणीव अधिक बोचली. ‘पुझन’ येण्यापूर्वी या लोकांचा विषासाठी स्वतःचा शब्द होता. जुन्या इंग्रजीत तो ‘आटोर’ असा होता आणि स्कॉट्समध्ये ‘अ‍ॅटर’ असा उरला. फ्रेंच शब्दाने त्याला मुख्य जागेवरून उठवले, पण घराबाहेर काढले नाही. तो जखमेतल्या पुवासाठी राहिला, जसा जर्मन आणि डच भाषांतील त्याच्या भावंडांचा अर्थ आज मुख्यतः पू असा आहे. ‘अ‍ॅट्री’ म्हणजे चिडखोर, मनात डूख धरणारा, आणि बोचऱ्या थंड हवेलाही तेच विशेषण. आणि कोळ्याला, म्हणजे जाळे विणणाऱ्या किड्याला, ‘अ‍ॅटरकॅप’ किंवा ‘एटरकॅप’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ विषाचे डोके. डॅनिशमध्ये कोळ्याला आजही ‘एडरकॉप’ म्हणतात, तो याचाच भाऊ. खाष्ट माणसालाही स्कॉटलंडमध्ये ‘एटरकॅप’ म्हणतात. आपल्याकडे विषाच्या शेजारी फारसीतून आलेला ‘जहर’ येऊन बसला, पण ‘विखार’ आणि ‘विखारी’ मनाच्या आणि जिभेच्या विषासाठी राहिले, हे आठवले की दोन दूरच्या भाषांनी आपापल्या घरात भांडी किती सारखी लावली आहेत हे ध्यानात येते.

आणि ही घरे तशी फार दूरचीही नाहीत. ‘पोतिओ’चे मूळ आणि आपल्या ‘पिणे’, ‘पेय’, ‘पान’, ‘पाणी’ या शब्दांच्या मुळाशी असलेला संस्कृतमधील ‘पा’ हा धातू एकच आहेत. उलट आपल्या ‘विष’चे लॅटिन भावंड ‘वीरुस’ म्हणजे विषारी स्राव, आणि आधुनिक काळात त्यापासून झालेल्या ‘व्हायरस’ला मराठीने ‘विषाणू’ हा प्रतिशब्द घडवला, तेव्हा दुरावलेली भावंडे नकळत पुन्हा एका ताटात जेवली. त्यांचे विष आपल्या पाण्याच्या नात्यातले आहे आणि आपले विष त्यांच्या विषाणूच्या नात्यातले आहे. आपल्या बातम्यांतून नेहमी येणाऱ्या ‘विष प्राशन’ या शब्दप्रयोगात तर संस्कृतमध्ये खाणे असा अर्थ असलेल्या ‘प्राशन’ला मराठीने पिण्याचा अर्थ दिला. कदाचित आपणही विष म्हटले की पेलाच डोळ्यांपुढे आणतो.

हे सगळे मला इतके का लागले, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. माझे बालपण सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात गेले. माझी आजी विषाला ‘इख’ म्हणत असे. ‘त्याच्या मनात इख हाय,’ हे वाक्य तिच्या आवाजात मला अजून ऐकू येते. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले, आणि मुलांच्या निबंधांतून ‘इख’ आला की लाल शाईने खोडून त्यावर ‘विष’ लिहीत राहिले. ‘विष’चे ‘विख’ झाले आणि ते ‘ज्ञानेश्वरी’तही आहे, हे मला पदवीच्या वर्गात शिकवलेले होते. विस्तवाचा ‘इस्तू’ झाला, विंचवाचा ‘इचू’ झाला, त्याच नियमाने ‘विख’चे ‘इख’ झाले, एवढी पुढची पायरी मात्र मला तीस वर्षांत सुचली नाही. सातशे वर्षांची परंपरा असलेला शब्द मी अशुद्ध म्हणून खोडत होते. ते मला अ‍ॅबर्डीनशरमध्ये, परक्या बाईच्या परक्या शब्दामुळे, उमगले.

त्या बाईंनी मला त्यांच्या शाळेची आठवण सांगितली होती. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचे झाले आणि वर्गात इंग्रजी बोलण्याचा दंडक हळूहळू पक्का झाला. बाईंच्या लहानपणीही तो होता. मास्तरांच्या टेबलाच्या खणात चामड्याचा पट्टा असे, आणि घरचा शब्द तोंडातून निघाला की तो हातावर बसे. उंदरांच्या औषधाविषयी काही सांगताना त्या एकदा ‘पुझन’ म्हणाल्या, आणि त्यांना उभे करून ‘पॉयझन’ दहा वेळा म्हणायला लावले. त्यामुळे ‘पुझन’ हा शब्द लिहिता येतो, छापता येतो, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक नव्हते.

निघण्यापूर्वी मी त्यांना मुलीच्या संगणकावर स्कॉट्स भाषेचा कोश उघडून दाखवला. विल्यम ग्रँट आणि डेव्हिड म्युरिसन यांच्या संपादनाखाली १९३१ ते १९७६ या काळात दहा खंडांत निघालेला आधुनिक स्कॉट्सचा कोश आणि विल्यम क्रेगी यांनी सुरू केलेला, २००२ साली बाराव्या खंडाने पूर्ण झालेला जुन्या स्कॉट्सचा कोश, हे दोन्ही २००४ पासून एकत्र आणि विनामूल्य पाहता येतात. मी त्यांचा शब्द शोधला. बाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या आणि एकेक रूप बोटाने दाखवत मोठ्याने वाचू लागल्या. एका रूपाशी थांबून म्हणाल्या, हे माझ्या आईचे. आणखी थोडे खाली जाऊन म्हणाल्या, हे समुद्राकडच्या लोकांचे, आम्ही असे म्हणत नाही. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

या भाषेचे अस्तित्व आता सरकारदरबारीही मान्य झाले आहे. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सविषयी पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला, तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला ती बोलता येते असे सांगितले, आणि २०२२ च्या जनगणनेतही हा आकडा जवळपास तितकाच राहिला. २०२५ साली स्कॉटलंडच्या, आता पुन्हा स्थापन झालेल्या, संसदेने गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. अशा भाषेतील शब्दाला मराठी वृत्तपत्राने ‘बिघडलेला’ म्हणावे, हे मला योग्य वाटत नाही, आणि सदरलेखकांचा तसा हेतू असेल असेही मी मानत नाही. इंग्रजीतून लिहिलेल्या जुन्या पुस्तकांतून हा शेरा पिढ्यानपिढ्या उतरत आला आहे आणि तोच त्यांच्या लेखात आला असावा.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढील रविवारी सदराच्या अखेरीस ‘स्कॉट्स भाषेतील पुझन आणि इंग्रजीतील पॉयझन हे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेले असून एकमेकांची भावंडे आहेत’ अशी एका वाक्याची दुरुस्ती छापावी. विषवाचक शब्दांवर सदरलेखक पुन्हा लिहिणार असतील तर त्यांनी ‘अ‍ॅटर’ला आणि आपल्या ‘इख’ला त्यात जागा द्यावी. कोरेगाव परिसरातील ‘इख’चे वाक्प्रचार मी जुळवले आहेत. आजीकडून ऐकलेले आणि गावच्या वडीलधाऱ्यांना विचारून खात्री करून घेतलेले असे ते आहेत. सदराला उपयोगी पडणार असतील तर मी ते आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सातारा